अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांच्या नोंदी घरबसल्या कुणालाही दिसाव्यात का?

उंबरठा:
घटस्फोट, वारसा, घरभाड्याचे वाद, बहुतेक फौजदारी खटले, सगळं तिथे राज्यांच्या न्यायालयांत चालतं. पण माहिती शोधायला बसा, डोकं भणभणतं. फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या खटल्यांना निदान 'पेसर' ही एकच वेबसाइट आहे, पानाला १० सेंट मोजावे लागतात तरी. राज्यांची मात्र ५० तऱ्हा. न्यूयॉर्कचं 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं न्यायालय, सर्वोच्च ते 'कोर्ट ऑफ अपील्स'. टेक्सासात सर्वोच्च न्यायालयंच दोन, एक दिवाणी, एक फौजदारी. विस्कॉन्सिनमध्ये नाव टाकलं की राज्यभरातल्या खटल्यांची माहिती फुकट दिसते. तसंच सगळीकडे हवं. खटला उघड चालतो, मग नोंद का लपवायची?

निळी शाई:
मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मैत्रिणीवर घरमालकाने घर खाली करण्याचा दावा लावला. तिने भाड्याची पावती दाखवली, पहिल्याच तारखेला दावा फेटाळला. तरी दोन वर्षांनी नवं घर शोधताना तीन ठिकाणी नकार. एका ठिकाणच्या बाईंनी स्क्रीनच तिच्याकडे वळवली. तिचं नाव, पुढे ठळक 'इव्हिक्शन'. 'डिसमिस्ड' पार शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात. तिथवर नजर जाते कुणाची?

उंबरठा:
वाचून वाईट वाटलं. पण नोंद झाकली तर भाडेकरूंची छाननी करणाऱ्या कंपन्या थांबणार आहेत का? असा दावा त्या ७ वर्षं अहवालात दाखवू शकतात. त्यांच्याकडे माहिती राहील, आणि आपल्याविरुद्ध काय लिहिलंय हे तिला सहज कळणार नाही.

पायवाट:
कॅलिफोर्नियाने यातून वाट काढलीय. असे दावे मुळातच झाकलेले असतात. साधारणपणे ६० दिवसांत घरमालक जिंकला तरच उघडतात. कौटुंबिक आणि फौजदारी कागद बाहेरच्यांना कोर्टात जाऊनच पाहावे लागतात.

उंबरठा:
पहिला भाग मान्य, हरलेल्या घरमालकाचा दावा दिसायलाच नको. दुसरा नाही. कोर्टात जायचं म्हणजे कामावर खाडा. वकील परवडत नाही त्यालाच ही माहिती सगळ्यात जास्त लागते.

निळी शाई:
खाड्याचं खरं आहे. मैत्रिणीनेही एक दिवस बुडवून क्लार्ककडून दावा फेटाळल्याच्या आदेशाची शिक्क्याची प्रत आणली. आता घर बघायला जाताना ती पर्समध्येच असते.