महिन्याच्या सुट्टीनंतर कोर्टवर दम टिकत नाही, सामने तीन आठवड्यांवर

गार्ड_नऊ_नंबर
नमस्कार. मी सतरा वर्षांची आहे, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळते. परीक्षेमुळे महिनाभर बास्केटबॉल पूर्ण बंद होता. आता सराव सुरू झालाय. शूटिंग जवळपास तसंच आहे, जिममध्ये स्क्वॉटलाही पूर्वीचंच वजन उचलतेय. पण फुल कोर्ट दोन-तीनदा वर-खाली झालं की छाती भरून येते. डिफेन्समध्ये मागे यायला उशीर होतो आणि समोरची गार्ड आरामात लेअप (बास्केटच्या अगदी जवळून टाकलेला शॉट) टाकते. आधी हीच मुलगी मला चुकवू शकत नव्हती, म्हणून फार लागतंय मनाला. सीझनभर कमावलेलं सगळं गेलं का? सरावानंतर रोज वेगळं पळायला लागू का? आणि मुलींचा फिटनेस मुलांपेक्षा लवकर उतरतो असं टीममधली एक जण म्हणाली, ते खरं आहे का?

बेसलाइन_ताई
अगं, सगळं काही गेलेलं नाही. मी खेळायची, आता बरीच वर्षं मुलींच्या टीमला शिकवते. प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर हाच प्रश्न येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळं एकाच वेगाने उतरत नाही. सराव थांबला की काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो. मग हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि तेवढ्याच पळण्याला जास्त ठोके लागतात. धावपटू नि सायकलपटूंवरच्या १९८४ सालच्या एका अभ्यासात सराव पूर्ण बंद केल्यावर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्के घसरला होता. ताकद मात्र तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. म्हणून तुझा स्क्वॉट तसाच आहे आणि दम गेलाय.

आपल्या खेळात हे जास्त का जाणवतं? कोर्ट २८ मीटरचं. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला की पळायचं, बॉल गेला की तसंच उलटं फिरायचं. एक धाव तू आजही पूर्वीइतकीच जोरात मारत असशील. दोन धावांच्या मधे श्वास सावरायला वेळ लागतोय, आणि त्या चार-पाच सेकंदांत ती गार्ड निघून जाते.

मुलींचा दम मुलांपेक्षा लवकर उतरतो, असं काही नाही. शरीर त्याच पद्धतीने उतरतं आणि त्याच पद्धतीने सावरतं. मुलींसाठी मला काळजी वाटते ती गुडघ्याची. उडी मारणं आणि झटकन वळणं असलेल्या खेळांत एसीएलची (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य अस्थिबंधाची) दुखापत मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट तरी जास्त होते. लँडिंगचे, म्हणजे उडीनंतर नीट खाली उतरण्याचे, व्यायाम नियमित केले तर हा धोका बराच घटतो, पण सोडले की फायदाही ओसरतो. सुट्टीत नेमके तेच सुटतात.

सुट्टीवरून आलेल्या मुलींचा पहिला सराव मी आधी कानाने बघते. रिबाउंड घेऊन खाली येताना धप्प आवाज आला, की समजायचं पाय ताठ आहेत. मग समोर उभी राहून बघते: एक गुडघा आत झुकतो, सगळं वजन एकाच पायावर येतं. तिला धाप लागलेली नसते, दुखतही नसतं, त्यामुळे तिला स्वतःला पत्ताच नसतो. दम दोन-तीन आठवड्यांत बराचसा परत येतो, पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) एवढ्या घाईने तयार होत नाहीत. 'आता दम आला' म्हणून मुली एकदम दुप्पट उड्या मारायला लागतात आणि गुडघ्याची वाटी दुखते, ती मग सीझनभर.

तेव्हा सरावानंतर रोज वेगळं पळू नकोस. पाय आणखी थकतील आणि थकल्या पायांवरच लँडिंग बिघडतं. या आठवड्यात बेसलाइन ते बेसलाइन (कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) जोरात पळ, पुरती विश्रांती घे, पुन्हा पळ. जोर कमी करू नकोस, फेऱ्या कमी ठेव. रोज वॉर्मअपमध्ये दोन पायांवर, मग एका पायावर हळू उतरून थांबायचं, गुडघा पंजाच्या रेषेत. दुसऱ्या आठवड्यात विश्रांती आखूड कर आणि तीन-विरुद्ध-तीन खेळ. फुल कोर्ट स्क्रिमेज (सरावाचा सामना) तिसऱ्या आठवड्यात. कोचना आधीच सांगून ठेव, सुरुवातीच्या सामन्यांत चार-चार मिनिटांनी बदली मिळाली तर टीमचंही भलंच होईल.

खेळाडूंची_डॉक्टर
ताईंशी सहमत. एक भर घालते. नीट सराव करूनही दोन-तीन आठवड्यांत धाप कमी झाली नाही तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घे. पाळी असलेल्या खेळाडूंमध्ये लोह कमी असणं खूप आढळतं, आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा संपत आलेला असू शकतो. रिपोर्ट न बघता स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस.

दुसरं, सुट्टीत वजन वाढलं म्हणून आता जेवण कमी करून सराव करत असशील तर कृपया थांब. खाणं अपुरं पडलं की शरीर सावरत नाही, पाळी अनियमित होते, हाडंही कमजोर होतात. तीन महिने पाळी आली नाही तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

गार्ड_नऊ_नंबर
खूप आभार ताई, डॉक्टर. खरं सांगायचं तर रात्रीची पोळी बंदच केली होती, आजपासून खाते. सीझन संपल्यावर पुन्हा मोठी सुट्टी आहे. तेव्हा निदान दोरीवरच्या उड्या मारल्या तर चालेल का?

बेसलाइन_ताई
पोट भरून खा गं, प्लीज.

दोरी चालेल, पण तेवढ्याने भागणार नाही. दोरीच्या उडीत गुडघा फारसा वाकतच नाही. आधी दोन आठवडे खुशाल आराम कर, शरीराला आणि डोक्यालाही त्याची गरज असते. नंतर आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरे. एकदा कमावलेला दम टिकवायला कमी दिवस आणि कमी वेळ चालतो, फक्त जोर उतरू द्यायचा नाही. दोन्ही दिवस थोड्या जोरदार धावा आणि बुटक्या पायरीवरून उतरून लँडिंग. ताकदीचा व्यायाम त्यातल्या एका दिवशी केला तरी पुरेल. मोबाइल समोर ठेवून लँडिंगचा व्हिडिओ काढ आणि इथे टाक, गुडघा कुठे जातोय ते मी बघून सांगते.