अंगी लागणे, लागू पडणे आणि जैवउपलब्धता

'बायोअव्हेलेबिलिटी'ला तुम्ही काय लिहिता? हळदीतल्या करक्युमिनवरचा लेख मराठीत आणतेय. परिभाषाकोशातला 'जैवउपलब्धता' शब्द वाचताना गोदामातला साठा मोजल्यासारखं वाटतं. म्हणून 'शोषण' लिहिलं, तर संपादकांचा शेरा : कोण कोणाचं करतंय?

—

शेरा झकास आहे, पण शोषण चुकतंय ते वेगळ्या कारणाने. आतड्याने औषध ओढून घेतलं की शोषण झालं. ते रक्त आधी जातं यकृतात, आणि तिथे बराच माल वाटेतच मोडला जातो. अफूतलं मॉर्फिन बघा. आतड्यातून ते नीट शोषलं जातं, तरी तोंडाने घेतल्यास साधारण २० ते ४० टक्केच मूळ रूपात अंगभर फिरायला उरतं. हा उरलेला वाटा म्हणजे जैवउपलब्धता.

—

मग 'अंगी लागणे' आहे की घरचं! 'खातो ढीगभर, पण अंगी लागत नाही.'

—

छान आहे, पण शेजारीच 'लागू पडणे' बसलंय. औषध लागू पडलं म्हणजे गुण आला. रक्तात भरपूर पोहोचूनही गुण न येणं शक्य आहे. वाचक दोन्हींची गल्लत करणार, आणि जाहिरातवाल्यांना तेच हवं असतं.

—

मोजतात कसं ते पाहिलं की शब्द निवडणं सोपं जातं. डोस दिल्यावर ठरावीक वेळांनी रक्त काढायचं, प्रत्येक नमुन्यातलं प्रमाण मोजायचं, वेळेसमोर आलेख काढायचा. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण किती पोहोचलं. तोच डोस शिरेतून दिल्यावरचं क्षेत्रफळ १०० धरलं आणि तोंडावाटे ३० आलं, तर उपलब्धता ३० टक्के.

करक्युमिनमध्ये खरी गोम पुढे आहे. शरीर त्याला चटकन ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून टाकतं. काही प्रयोगशाळा नमुन्यात विकर (एन्झाइम) घालून ती जोडणी सोडवतात आणि मग मोजतात. आकडा फुगतो, कारण मोकळं आणि बांधलेलं एकत्र मोजलं जातं. तेव्हा तुमच्या लेखात 'फ्री' आहे की 'टोटल', ते आधी बघा. मराठीत 'मोकळं' आणि 'एकूण' असं वेगळं लिहा.

आणि मिऱ्यातल्या पायपरीनमुळे '२००० टक्के वाढ' हे वाक्य येणारच. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या अभ्यासातलं आहे ते : माणसांना २ ग्रॅम करक्युमिन, सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन. पण ही वाढ नुसत्या करक्युमिनच्या तुलनेतली, आणि ते रक्तात जेमतेम सापडत होतं. तिथे 'सापेक्ष' शब्द गाळू नका.

—

जाता जाता : 'अर्धायुष्य' (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) लिहिणार असाल तर एक ओळ खुलासा द्या. दोन अर्धायुष्यं झाली की औषध संपलं, असं समजणारे मी पाहिलेत. १००, ५०, २५, साडेबारा असं ते उतरतं. डिजिटॅलिस वनस्पतीतल्या डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं अर्धायुष्य मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही दीड-दोन दिवसांचं असतं.

—

ठरलं. शीर्षकात 'अंगी किती लागतं?', मजकुरात 'जैवउपलब्धता', आणि पहिल्या उल्लेखाला 'मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचणारा वाटा' अशी फोड. लेखात 'टोटल' निघालंय, म्हणजे दोन परिच्छेद पुन्हा लिहायचे. 'डिस्ट्रिब्यूशन'ला 'भिनणे' चालेल?

—

भिनतं ते विष. 'ऊतींमध्ये पसरणे' लिहा.

—

संगीतही भिनतं की अंगात!