पाळणाघरातील ताईंच्या प्रकृतीची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न (पाळणाघर चालक, लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार. घराच्या तळमजल्यावर मी पाळणाघर चालवते. सहा महिने ते चार वर्षे वयाची मुले येतात आणि त्यांच्यासाठी चार ताई काम करतात. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालक बारकाईने विचारतात, आणि ते योग्यच आहे; परंतु दिवसभर मुलांना उचलणाऱ्या, त्यांची शी-शू काढणाऱ्या या स्त्रियांच्या प्रकृतीविषयी मला आजवर कोणीही विचारलेले नाही. एका ताईंची कंबर इतकी दुखते की दुपारनंतर त्यांना वाकता येत नाही. दुसऱ्या ताईंचे नुकतेच लग्न झाले असून त्यांना मूल हवे आहे, आणि आमच्याकडच्या एका मुलाला नुकत्याच कांजिण्या निघाल्या. मी काय करावे?

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, ग्वाल्हेर)

ताई, कांजिण्यांचे आधी पाहा. ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, त्यांनी आजच डॉक्टरांना भेटावे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून हा आजार पसरतो, त्यामुळे सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही.

नवविवाहित ताईंनी गरोदर राहण्यापूर्वीच कांजिण्या आणि रुबेला (जर्मन गोवर) यांच्या लसींबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण या दोन्ही लसी गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यानंतर किमान एक महिना थांबावे लागते. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाल्यास बाळाचे हृदय, डोळे आणि श्रवणशक्ती यांना गंभीर इजा होऊ शकते. सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूवर मात्र लस उपलब्ध नाही. वरून पूर्ण निरोगी दिसणाऱ्या लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत तो महिनोन्‌महिने असू शकतो. निरोगी प्रौढांना त्याचा सहसा त्रास होत नाही, पण गर्भातील बाळाला बहिरेपणा येण्याचा धोका असतो. म्हणून लंगोट बदलल्यावर आणि नाक पुसल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत, तसेच अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलांचे उष्टे खाण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते, ती पूर्णपणे बंद करावी.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, वडोदरा)

दोन वर्षांचे मूल साधारण १० ते १२ किलोचे असते, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून उचलले जाते. वाकून, कमरेत वळत उचलण्याऐवजी गुडघे दुमडून, मुलाला अंगाशी धरून उठावे, हे आपण ताईंना करून दाखवा. परंतु माझ्या मते केवळ शिकवून फारसा फरक पडत नाही. जागा बदलावी लागते. लंगोट बदलण्यासाठी कमरेच्या उंचीचे, कडा उंच असलेले टेबल ठेवा, आणि चालता येणाऱ्या मुलांना त्यावर स्वतः चढता यावे म्हणून शेजारी भक्कम पायऱ्या ठेवा. मात्र मूल टेबलावर असताना एक हात सतत त्याच्यावर असावा. भरवताना ताईंना पाठीला टेकू देणारी बुटकी खुर्ची द्या. दुखणे पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवण्यास उशीर करू नका.

प्रतिसाद (रसायनशास्त्राच्या शिक्षिका, इंदूर)

साफसफाईबाबत एक भर घालते. जंतुनाशक ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात जीवघेणा ठरू शकतो. ५ टक्क्यांचे ब्लीच असल्यास एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर पुरते. द्रावण रोज ताजे करावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. टेबलाचे सुताराशी आजच बोलते. आणखी एक विचारते: ताप असूनही ताई कामावर येतात, कारण सुट्टी घेतली की पगार कापला जाईल अशी त्यांना भीती वाटते. चार जणींच्या ठिकाणी यावर काय उपाय करता येईल?

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, ग्वाल्हेर)

आजारपणात पगाराचा काही भाग देणारी कर्मचारी राज्य विमा योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होते, त्यामुळे आपल्याला स्वतःच नियम ठरवावा लागेल. आजारपणाची भरपगारी रजा लेखी द्या, बदली येणाऱ्या एका ताईंशी आधीच बोलून ठेवा आणि त्यासाठी पालकांच्या शुल्कात थोडी वाढ करावी लागली तर कारण सांगून करा. आजारी ताई घरी राहिल्या तर मुलांना होणारा संसर्गही टळतो, हे पालकांना पटेल.