टीव्हीवरच्या महागड्या बागा: बघताना काय वाटतं, आणि बघून तुम्ही काय केलंत?

परसदार
गेले काही महिने रात्री झोपण्याआधी बागांचे कायापालट बघायचं व्यसन लागलंय. पडकी भिंत, गुडघाभर तण, कोपऱ्यात मोडकी खुर्ची. मध्ये एक जाहिरात होते आणि त्याच जागी दगडी फरसबंदी, खळाळतं पाणी, पुरुषभर उंचीची झाडं. घरच्या बाईंच्या डोळ्यांवरचे हात निघतात, त्या रडतात, मीही रडते. दिवा मालवला की मग प्रश्न सुरू होतात. एवढा खर्च नक्की कशावर झाला? पुढच्या उन्हाळ्यात तिथे काय उरलं असेल? तुमच्यापैकी कोणी हे बघून स्वतःच्या बागेत काही केलं असेल तर ते टिकलं की बारगळलं, तेही लिहा. 'मी टीव्हीच बघत नाही' हा अनुभव धरला जाणार नाही.

खुरपंबहाद्दर
मी फसलेला आहे, म्हणून पहिला नंबर माझा. टीव्हीवर वाफा कसा भरगच्च दिसतो, माती म्हणून दिसत नाही. तसाच हवा म्हणून बारा रोपं पुरली असती तिथे मी चाळीस लावली. पहिला हंगाम नुसती वाहवा. पाहुणे फोटो काढायचे. दुसऱ्या वर्षी रोपं एकमेकांच्या अंगावर आली, आतून हवा खेळेना, पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी पडली. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त उपटून वाटून टाकली. पूर्ण वाढल्यावर झाडाचा घेर किती होणार ते बघून अंतर ठेवायचं, हे मला कुठल्याही माळ्याने फुकट सांगितलं असतं. पण तसं लावलं की पहिली एक-दोन वर्षं वाफा बोडका दिसतो, आणि बोडक्या वाफ्यापुढे कोणी आनंदाश्रू ढाळत नाही.

उंबरठा
आमच्या घरी प्रत्येक भाग संपला की सासूबाई एकच वाक्य म्हणतात, "आणि पाला कोण काढणार?" बाकी माझं मत तेच त्यांचं मत.

पडद्यामागचा
अशा एका कार्यक्रमासाठी मी काही काळ हातमजुरी केली आहे. वाहिनीचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं, पडद्यावर दिसतात ते चार-पाच जणच दोन दिवसांत सगळं करतात. कॅमेऱ्याबाहेर आम्ही किती जण राबत होतो ते त्या चौकटीत मावलंच नसतं. मोजमाप, आराखडा, सामानाची मागणी हे सगळं आधीच झालेलं. शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत पानं धुवायची, फरशी ओली करायची म्हणजे रंग गडद दिसतो. चित्रीकरण रुंद भिंगातून, त्यामुळे खोलीएवढी जागा मैदान वाटते. फुललेली रोपं आणलेली असायची, काही तर वेळ नाही म्हणून कुंडीसकट मातीत दाबली. नंतर कोणी काढून नीट लावली का, देव जाणे.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही होतो तिथे बराचसा माल पुरवठादारांकडून सवलतीत यायचा आणि आमची मजुरी निर्मितीखर्चात धरली जायची. त्यामुळे 'एवढ्यात बाग झाली' असा आकडा कुठे ऐकलात, तर त्यात माणसांचे हात धरलेत का ते आधी विचारा.

तरी एक कबूल करतो. घरमालकाच्या डोळ्यांवरची पट्टी सुटते त्या क्षणी आम्हीही कुंपणाआड उभे राहून डोळे पुसायचो.

जुनाप्रेक्षक
या सगळ्याचा एक थोरला पूर्वज म्हणजे बीबीसीचा 'ग्राउंड फोर्स', १९९७ ते २००५. घरातल्या कोणीतरी गुपचूप बोलवायचं, मालकाला बाहेर पाठवायचं आणि तो परत यायच्या आत बाग उभी करायची. सादरकर्ते अॅलन टिचमार्श, चार्ली डिमॉक, टॉमी वॉल्श. एका खास भागात तर नेल्सन मंडेला यांच्या कुनू गावच्या घरी बाग केली होती. त्या काळात ब्रिटनमध्ये लाकडी फळ्यांच्या ओट्याचं, म्हणजे डेकिंगचं, वेड पसरलं, त्यात या कार्यक्रमाचा हात मोठा. मीही ओटा केला. ओल्या सावलीत त्यावर शेवाळ धरलं आणि मी स्वतःच्याच बागेत दोनदा आपटलो. फळ्यांखाली उंदरांनी संसार थाटला तो वेगळा.

नंतरच्यांत मला 'गार्डन रेस्क्यू' जास्त प्रामाणिक वाटतो, २०१६पासूनचा. खर्चाची मर्यादा आधीच सांगतात, दोन आराखडे समोर ठेवतात आणि मालक एक निवडतो. बजेटच्या भांडणात खरी बागकाम-बुद्धी दिसते: फरशी कमी करा, झाडं लहान घ्या.

चाफेकळी
'झाडं लहान घ्या' यावर दहा वेळा +१. क्रेनने उतरवलेलं मोठं झाड बघून सगळे आ वासतात, पण जमिनीतून उपटलेल्या झाडाची बहुतेक बारीक मुळं जुन्या जागीच राहून जातात. मुळांभोवती मातीची हुंडी, म्हणजे गोळा, कितीही मोठी बांधा, वरच्या पसाऱ्याला ती पुरत नाही. मग झाड काही वर्षं नुसतं तग धरून उभं राहतं, वाढत नाही. शेजारच्या काकांनी असं झाड आणलं, त्याच आठवड्यात मी बोटाएवढ्या जाडीचं रोप लावलं. काका रोज कुंपणावरून विचारायचे, "काय, दिसतंय का अजून?" आज माझं त्यांच्या खांद्याला लागलंय (झाडाच्या म्हणतेय, काकांच्या नव्हे) आणि त्यांच्या झाडाला अजून तीन बाजूंनी ताण आहेत. काका हल्ली झाडांवर बोलत नाहीत.

आभाळमाया
माझा सूर थोडा वेगळा लागेल. बाबांना पक्षाघात झाला आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. ज्या माणसाने आयुष्यभर मातीत हात घातले, तो खिडकीतून वाफे वाळताना बघत बसायचा. तेव्हा मी 'लव्ह युअर गार्डन'चे भाग बघितले. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर २०११ साली सुरू झालेला हा कार्यक्रम. आजारपणातून, अपघातातून गेलेल्या लोकांच्या बागा त्यात करून देतात. खर्च अफाट असतो, मान्य. कारंजी, मंडप मी सोडून दिले. पण उंच वाफ्याची कल्पना मला तिथेच मिळाली.

सुतारदादांना घेऊन आम्ही दोन वाफे केले. आधी बाबांना खुर्चीत बसवून त्यांचा हात आरामात कुठे पोचतो ते मोजलं, ती उंची साधारण सत्तर सेंटिमीटर आली. रुंदी एवढीच की एका बाजूने मधोमध हात पोचावा. आधी आम्ही खडीची वाट केली होती, टीव्हीवर छान दिसते म्हणून. चाकं रुतली, बाबा चिडले, खडी काढली. पायरीच्या जागी उतार केला, एक फूट चढायला बारा फूट लांबी धरून. एवढी लांबी ऐकून आधी मी दादांशी वाद घातला होता. त्याहून उभा उतार बाबांना एकट्याने चढवला नसता.

म्हणून कोणी 'या कार्यक्रमांत पैशाची नुसती उधळण' म्हटलं की मला गप्प बसवत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. माणसाचं दुःख सांगताना ते पियानो वाजवतात आणि तो रडेपर्यंत कॅमेरा हलत नाही. बाबा असा भाग लागला की म्हणायचे, "त्याला आधी आत जाऊन बघू दे की रे!"

टळटळीत
नकली हिरवळ. उन्हात इतकी तापली की आमचा कुत्रा काठावरून परत फिरला. काढून टाकली. एवढंच.

भाडेकरू नंबर चार
माझ्याकडे सात कुंड्या आणि एक झारी. लोक क्रिकेट बघतात तसे मी हे कार्यक्रम बघते. मैदानात उतरायचा विचार नाही, पण आराखडा चुकला की ओरडते. बांबू थेट जमिनीत लावताना दिसले की आता उभीच राहते. पसरणारी जात असेल तर दोन फूट खोल अडसर घाला, नाहीतर तो शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जाईल!

परसदार
धाग्याला एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. आभाळमाया, बाबांचं वाक्य वाचून हसले आणि मग थोडा वेळ नुसती बसून राहिले. पडद्यामागचे, तुमच्यामुळे ओल्या फरशीवरचा माझा विश्वास कायमचा उडाला. पाण्याची हौस केलेलं कोणी आहे का? कारंजं, धबधबा, तळं? मला तोच मोह सुटत नाहीये.

डबकेवाले
आहे ना. एक भाग बघून मी धबधबा केला. प्लास्टिकचा कागद अंथरला, दगड रचले, पंप बसवला. आवाज हुबेहूब टीव्हीसारखा. पहिल्या पानगळीत पंपाची जाळी बुजली. साफ केली. आठवड्याने पुन्हा बुजली. तळ्याशेजारीच झाड आहे हे मला तळं करताना सुचू नये, याचं घरात अजून कौतुक होतं. दुसऱ्या वर्षी पंप जळाला आणि मी नाद सोडला.

पाणी थांबलं तसे डास आले, बायकोने तळं बुजवायची तारीख ठरवली. त्याआधी चतुर घिरट्या घालू लागले. त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे तेव्हा कळलं. मग एका सकाळी काठाशी साबुदाण्यासारखा बुळबुळीत लगदा दिसला. बेडकांची अंडी. तारीख पुढे ढकलली, ती अजून पुढेच आहे.

उंबरठा, सासूबाईंना सांगा, पाला मी काढतो. जाळीने, सावकाश, एका वेळी मूठभर, आणि काढलेला ढीग रात्रभर काठावरच ठेवतो, त्यात कोणी अडकलं असेल तर परत पाण्यात जाता यावं म्हणून.