सप्ताहातलं कीर्तन आणि 'आरोपी आमच्या ताब्यात द्या': कोणता अभंग घ्यावा?

टाळकरी२२: रामकृष्णहरी. गावचा अखंड हरिनाम सप्ताह पंधरा दिवसांवर आलाय. लहान मुलीवर अत्याचाराचा गुन्हा नोंद झालाय, आरोपी गावातलाच. चौथ्या दिवशी कीर्तनात 'नाठाळाचे माथी हाणू काठी' धरावं आणि आरोपीला जनतेच्या हवाली करा असं व्यासपीठावरून म्हणावं, असा कमिटीचा आग्रह आहे. सेवा मोडायची नाही, पण टाळ्यांसाठी बोलायचंही नाही. अभंग कोणता घ्यावा, रोख कुठे ठेवावा? कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह असतं.

गाथापाठक: माउली, ती ओळ सुटी उचलू नका. अभंग सुरू होतो 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' इथून आणि संपतो 'आम्ही अवघेचि गोड' इथे. मधलं अर्धं चरण तेवढं घेतलं की तुकोबा लाठीवाले होऊन बसतात. शिवाय नाठाळ म्हणजे समजावूनही न वळणारा; आजही बैलाला, घोड्याला म्हणतात. ज्याच्यावर नुसता आरोप आहे, तो नाठाळ ठरत नाही.

'जे का रंजले गांजले' घ्या. सगळ्यांना पाठ आहे म्हणून पहिल्या दोन चरणांत वेळ घालवू नका, वीस मिनिटांत उरका. खरा मुक्काम 'ज्यासि आपंगिता नाही', म्हणजे ज्याला जवळ घेणारं कोणी नाही, या ओळीवर करा. मुलगी कोणाच्या भरवशावर होती, तक्रारीनंतर तिच्या घरी कोण गेलं, कोणी जाणं-येणं बंद केलं, हे सगळं त्या एका ओळीत बसतं. मग 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी'. ऊसतोडीच्या कोपीतल्या पोरीसाठी हाच मंडप एवढाच पेटला असता का, एवढं विचारा आणि थांबा. उत्तर देऊ नका.

आरोपीकडे वळायचंच असेल तर प्रमाण पसायदानाचं. माउलींनी 'खळांची व्यंकटी सांडो' म्हटलंय. सांडायची ती व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा. खळच सांडो असं मागितलेलं नाही.

कोर्टवारी: लाइव्ह त्या दिवशी बंद ठेवा. रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐकून मग टाका. नाव न घेता 'अमक्या आळीतली', 'शाळेतली', 'अमक्याची पुतणी' म्हटलं तरी ओळख पटतेच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा; त्याच्या कलम २३ मध्ये घर, शाळा, कुटुंब, परिसर सगळं येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

'फाशीचा कायदा करा' ही मागणीही शिळी आहे. गंभीर अत्याचाराला पॉक्सोत २०१९ पासून फाशी आहेच. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीनेही २०१३ मध्ये बलात्काराला फाशी सुचवली नव्हती. बहुतेक वेळा आरोपी ओळखीतला, पुष्कळदा घरातला असतो. चुलत्याला फाशी होईल म्हटल्यावर आजीच पोरीचं तोंड दाबते. आणि 'ठोका' म्हणणाऱ्यांना हैदराबाद सांगा. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाचे चौघं आरोपी पोलिसांनी एन्काउंटरमध्ये मारले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्याची चौकशी करणाऱ्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला, आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते.

'ठोका' म्हणणारेच पुष्कळदा आधी 'गावातच मिटवू' म्हणालेले असतात. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, पंचांनाही.

जनी_आळंदी: एक भर. क्षमेवरही घसरू नका. मुलीची आई मंडपात बसलेली असते. तिच्यासमोर क्षमा सांगणं हाही स्वस्तातला उपाय, फाशीसारखाच. दोन्हीत बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही. 'प्रारब्ध' हा शब्द त्या दिवशी तोंडातून काढायचा नाही. कपडे, मोबाइल, 'हल्लीच्या पोरी', यातलं काहीही नको. असल्या एका वाक्यावर मंडपात हशा येतो आणि कीर्तन तिथेच बसतं.

विणेकरी: जमावाच्या हवाली म्हणजे काय, ते राईनपाड्यात दिसलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडे बाजार. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. माणसं मंगळवेढ्याकडची, म्हणजे चोखोबांच्या गावाकडची. हे पाच मिनिटांत सांगा, रंगवू नका.

मधेच कोणी घोषणा दिली तर वाद घालू नका. मृदंगाला खूण करा, 'विठोबा रखुमाई' चा गजर घ्या. गजरात घोषणा बुडते आणि कोणाचा अपमानही होत नाही. हे मृदंगाचार्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

महाप्रसादाच्या सूचनांतच १०९८ हा मुलांसाठीचा नंबर दोनदा सांगायला लावा. कमिटीला एवढीच चीड असेल तर मंडपापासून बायकांच्या शौचालयापर्यंत दिवे लावा, तिथे दोन बायका स्वयंसेवक ठेवा. काकडा पहाटे चारला, त्या वाटेने पोरी अंधारातच येतात.

टाळकरी२२: लाइव्ह बंद करायला कमिटी तयार झाली. दिव्यांवरून वाद चालू आहे, मंडपवाला जादा वायरचे पैसे मागतोय. चाल कोणती धरू, तेवढं सांगा.