सुप्रीम कोर्टाचे निकाल पोरांना कसे शिकवायचे? पाठांतराच्या पलीकडे काही जमतंय का कोणाला?

माणदेशी_मॅडम
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते, १४ वर्षं झाली. आठवीला न्यायव्यवस्थेचा धडा आहे आणि दहावीला संविधानाची वाटचाल, त्यात कोर्टाचे निकाल येतात. अडचण अशी की पोरं नुसतं पाठ करतात, केशवानंद भारती म्हटलं की १९७३ आणि मूलभूत संरचना, बास, पेपरात मार्क मिळतात आणि विषय संपतो. मागच्या आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, मॅडम तो केशवानंद केस जिंकला का हरला? आणि खरं सांगते, मला नीट उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं शिकवतेय आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे पोरं घरून ऐकून येतात की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वर्गातल्या एका मुलीच्या घरी बांधावरून भावकीची केस चालू आहे, तिचे वडील लहान होते तेव्हापासून. तिच्यासाठी कोर्ट म्हणजे तारीख आणि एसटीचं तिकीट. अशा पोरांना दिल्लीतलं कोर्ट आपलं आहे हे कसं पटवायचं? कोणी वेगळं काही करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.

काळा_कोट_संभाजीनगर
मॅडम, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या, एकदम मुद्द्याचा प्रश्न आहे. उत्तर असं की स्वतःपुरता तो हरला आणि देशासाठी जिंकला. केशवानंद भारती हे केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या एडनीर मठाचे स्वामी, जमीन सुधारणा कायद्यात मठाची जमीन चालली होती म्हणून १९७० ला याचिका टाकली. त्या जमिनीच्या बाबतीत त्यांच्या हाती काही लागलं नाही. पण खटला वाढत वाढत इथवर गेला की संसदेला घटना हवी तशी बदलता येते का. १३ न्यायाधीश बसले, ६८ दिवस सुनावणी झाली, स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते आणि २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला ७ विरुद्ध ६. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज काय असतं हे पोरांना विचारा.

मी पोरांना सांगताना माळवदाच्या घराचं उदाहरण देतो. भिंत पाडा, खिडकी काढा, खोली वाढवा, पण तुळईला हात लावलात तर घरच खाली येणार. संसदेला दुरुस्तीचा अधिकार आहेच, तुळई काढायचा नाही, आणि ही तुळई म्हणजेच तुमची ती मूलभूत संरचना. मग पोरं हमखास विचारतात की तुळई नेमकी कुठली, आणि मजा तिथेच आहे, कारण कोर्टाने त्याची पक्की यादी करून ठेवलेली नाही, एकेका खटल्यात ती ठरत गेली, उदा. १९९४ च्या बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता.

अजून एक. वर्गात कोर्ट भरवणार असाल तर साक्षीदाराचा पिंजरा आणि हातोडा नको. हातोडा आपल्याकडे कुठल्याच कोर्टात आपटत नाहीत आणि सुप्रीम कोर्टात सहसा साक्षी होत नाहीत, तिथे कागद असतात आणि युक्तिवाद असतो. घटनेचा अर्थ लावायचा मोठा प्रश्न असेल तर कमीत कमी ५ न्यायाधीश लागतात, कलम १४५. म्हणून वर्गाचे पाच-पाच जणांचे गट करा, सगळ्यांना एकच खटला द्या आणि बघा किती वेगवेगळे निकाल येतात.

गुरुजी_निवृत्त
ताई, मी ३१ वर्षं शिकवलं, शेवटची दहा वर्षं मी या धड्याची सुरुवात कोर्टापासून केलीच नाही, माणसापासून केली. माझा हुकमी खटला म्हणजे बिजो इमॅन्युएल. केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, मान द्यायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८५ मध्ये शाळेतून काढून टाकलं. हायकोर्टात हरली. एवढं सांगून मी खडू खाली ठेवायचो. आता तुम्ही सांगा.

वर्ग पेटायचा अक्षरशः. देशाचा अपमान आहे म्हणणारी पोरं असायची, उभी राहिली ना मग अपमान कसा म्हणणारी असायची, आणि एका वर्षी एक मुलगी म्हणाली, गुरुजी आमच्यातली निम्मी पोरं नुसते ओठ हलवतात, त्यांना कोण काढतं? तासाची घंटा झाली तरी कोणी उठायला तयार नाही. निकाल मी दुसऱ्या दिवशी सांगायचो, मुद्दाम एक रात्र जाऊ द्यायचो, घरी जेवताना चर्चा व्हायची. निकाल असा की १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं, आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गायलाच पाहिजे असा कायदा नाही. न्यायमूर्ती चिन्नाप्पा रेड्डी यांनी सहिष्णुतेवर शेवटी जे लिहिलंय ते फार सुंदर आहे.

निकाल आधी सांगू नका एवढंच माझं म्हणणं. आधी सांगितला की पोरं विचार करायचं थांबवतात, वहीत लिहून मोकळी होतात.

चाकरमानी_परळ
गुरुजींचं पटलं पण एक भर घालतो, नुसत्या जिंकलेल्या गोष्टी सांगू नका. आपल्या मुंबईचा ओल्गा टेलिस खटला घ्या. १९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसात, फुटपाथवरच्या आणि झोपडीतल्या लोकांना हटवून जिथून आलात तिथे परत पाठवू असं तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं. ओल्गा टेलिस या पत्रकार, त्या आणि फुटपाथवर राहणारी माणसं कोर्टात गेली. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने सांगितलं की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो, कारण रोजगारच काढून घेतला तर माणूस जगणार कशावर. केवढी मोठी गोष्ट. पण त्याच निकालात फुटपाथ अडवायचा हक्क कोणाला नाही असंही म्हटलं आणि हटवायला परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले, आणि १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र ज्यांच्याकडे होतं त्यांना पर्यायी जागा द्या म्हणाले.

माझे वडील गिरणीत होते, आमच्या चाळीसमोरच्या फुटपाथवर लोक राहायचे, त्यांना नोटीस, सुनावणी हे शब्द त्या काळात समजले. हक्क मान्य झाला आणि घर तरी गेलं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत हे पोरांना कळलं पाहिजे. तुमच्या त्या बांधाच्या केसवाल्या मुलीला तर हे सगळ्यात आधी कळेल.

लॉ_तिसरं_वर्ष
मी अजून शिकतेय पण एक सुचवू का, असहमतीचा निकाल शिकवा. आम्हाला शाळेत कोणी सांगितलंच नाही की न्यायाधीशांचं आपसात पटत नाही. आणीबाणीतला एडीएम जबलपूर खटला, १९७६. प्रश्न असा की आणीबाणीत विनाकारण पकडलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का. न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला मारलं तर काय, आणि उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर दाद नाही. चार जण सरकारच्या बाजूने गेले, खन्ना एकटे विरुद्ध. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूडही होते, म्हणजे वर दादांनी सांगितलेला ओल्गा टेलिस ज्यांचा तेच. आणि २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ जणांच्या पीठाने तो जबलपूरचा निकाल मोडीत काढला, त्यातला मुख्य निकाल लिहिला धनंजय चंद्रचूड यांनी, त्यांच्या मुलाने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कोर्ट चुकतं आणि ४१ वर्षांनी का होईना स्वतःची चूक लिहून मान्य करतं, हे पोरांना सांगायलाच हवं.

आणि मोबाईलवाल्या पोरांसाठी कलम ६६अ, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ऑनलाइन मजकुरावरून अटक करता यायची ते कलम. २०१२ ला पालघरमध्ये फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली, एकीने लिहिलं आणि दुसरीने फक्त लाईक केलं होतं. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी कोर्टात गेली आणि २०१५ ला ते कलमच रद्द झालं. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर काही निकालांची मराठी भाषांतरं आहेत, भाषा जड आहे पण दोन परिच्छेद वाचून दाखवता येतील.

एक_आई
मी पालक म्हणून लिहिते, रागावू नका. आरक्षणाचे निकाल वर्गात घेताना जपून घ्या. माझ्या मुलाच्या वर्गात चर्चा झाली आणि पोरांनी एकमेकांची जात काढली, तो दोन दिवस शाळेत गेला नाही. शिक्षकांचा हेतू चांगलाच होता, तयारी नव्हती एवढंच.

गुरुजी_निवृत्त
ताई, तुमचं शंभर टक्के खरं आहे. इंद्रा साहनी हा आरक्षणाचा खटला मी कधीच पहिला घेतला नाही. आधी चार-पाच खटल्यांत पोरांना समोरच्याचं म्हणणं ऐकायची सवय लागली पाहिजे. माझा नियम होता की ज्या बाजूचं तुला पटत नाही त्या बाजूने आधी बोलायचं, आणि 'मी', 'आमच्यातले' असं काही बोलायचं नाही, फक्त कागदावर काय आहे ते.

माणदेशी_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस हा धागा परत परत वाचतेय. काल नववी ब ला बिजो इमॅन्युएल घेतला. वर्गात ४० पोरं, पाच-पाचची आठ पीठं केली. निकाल न सांगता घरी पाठवलं. आज तीन पीठांनी मुलांना परत घ्या म्हटलं, चारांनी नको म्हटलं, आणि एका पीठात ३ विरुद्ध २ झालं आणि भांडण लागलं कारण त्या दोघी ऐकायलाच तयार नव्हत्या. त्यातली एक म्हणजे ती बांधाच्या केसवाली. मी तिला सांगितलं की तुझं वेगळं मत तू लिहून देऊ शकतेस, खन्नांनी दिलं तसं. तिने मधल्या सुट्टीत दीड पान लिहिलं आणि विचारलं, मॅडम हे पण फाईलला लावणार ना? लावलं.

त्या मुलालाही केशवानंदचं उत्तर दिलं. तो म्हणाला, मग स्वामींची जमीन कोणाला मिळाली? आता हे शोधते. पुढच्या शनिवारी ओल्गा टेलिस घेणार आहे, वकील साहेब, त्यातला पावसाळ्यानंतर हटवा म्हणणारा परिच्छेद मराठीत कुठे मिळाला तर टाका इथे.