नॅरोबोटीने लॉक ओलांडताना ज्येष्ठांना सोबत न्यावे का?

पंचवटीकर
येत्या जूनमध्ये आम्ही सहा जण इंग्लंडला जाणार असून आठवडाभर नॅरोबोट (कालव्यासाठीची अरुंद, लांब नाव) भाड्याने घेऊन कालव्यातून फिरावे, असा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आणि गुडघेदुखी असलेली आई असेल. गंगापूर धरणावर बोटीत बसण्यापलीकडे आमचा कोणाचाही अनुभव नाही. भाड्याची नाव चालवण्यास परवाना लागत नाही, हे कळले तेव्हा सर्व खूश होते. परंतु वाटेतील लॉकही (नाव वर-खाली नेणारे दारबंद पाण्याचे हौद) प्रवाशांनीच चालवायचे असतात हे समजल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. खरा धोका नेमका कोठे असतो आणि कमी लॉक असलेला मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

पाटबंधारे (निवृत्त)
आपल्याकडे आवर्तन सुटले की पाटकरी दार उचलतो आणि पाणी वाहू लागते. लॉकमध्ये मात्र दोन दारांमधील हौदात पाणी कोंडून नाव वर किंवा खाली न्यायची असते. झडपा विंडलास नावाच्या किल्लीने उचलल्या की पाणी आत येते अथवा बाहेर जाते, आणि दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय दार उघडत नाही, कारण सात फूट रुंदीच्या दारावर दोन मीटर पातळीफरकाचा भार सुमारे दहा टन भरतो. म्हणून दार अवेळी उघडेल ही भीती मनातून काढून टाकावी. पातळी जुळली की तेच दार त्याला जोडलेल्या तुळईला पाठ लावून एकटा माणूस सावकाश रेटू शकतो. एका वेळी लाखभर लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते, त्यामुळे समोरून नाव येत असेल आणि लॉकची पातळी तिच्या सोयीची असेल, तर तिला आधी जाऊ द्यावे. (आपल्याच गोदावरीवर, आंध्रातील धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याच्या कालव्यांवरही नावांसाठी लॉक बांधली गेली.)

गंगापूर रोड
वरील विवेचन बरोबर आहे, पण धोका दारात नसून उंबऱ्यात आहे. वरच्या दाराच्या पायथ्याशी उंबरा हौदात पुढे आलेला असतो. नाव खाली उतरत असताना तिचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचे टोक पाण्याबरोबर उतरत राहते, नाव तिरपी होते आणि पाहता पाहता तिच्यात पाणी शिरते. उंबऱ्याची हद्द हौदाच्या काठावर पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. सुकाणूवरील माणसाने त्या रेषेच्या पुढेच राहावे आणि झडपेवरील माणसाने नावेवरून नजर हटवू नये. शंका येताच खालच्या झडपा पाडाव्यात व वरच्या उघडून पाणी पुन्हा भरावे. दोर खुंटाला फक्त वळसा घालून हातात धरावा, बांधू नये. विंडलास झडपेच्या दांड्यावर तशीच सोडणे हा आणखी एक वाईट प्रकार. झडप धरून ठेवणारा खटका निसटला की ती गरगर फिरते आणि हात मोडते.

मार्गाविषयी म्हणाल तर टार्डेबिगसारख्या सलग ३० लॉकच्या रांगेचा मोह टाळावा आणि वेल्स व इंग्लंडमधून जाणारा लँगॉलेन कालवा निवडावा. ट्रेव्हरहून एल्झमियरकडे जाताना न्यू मार्टन येथे केवळ दोन लॉक लागतात, जाताना उतरायची आणि परतताना चढायची. डी नदीचे पाणी हर्लस्टनच्या जलाशयाला पुरवणारा हा कालवा असल्यामुळे त्याला प्रवाह जाणवतो आणि परतीला वेळ अधिक लागतो. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तिनाने भागले की तासांचा अंदाज येतो. ट्रेव्हरजवळचा, दरीवरून कालवा नेणारा १८०५ चा पाँटकिसिल्टे जलसेतू १२६ फूट उंच आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा असला तरी दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीच्या काठापलीकडे काहीही नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

पंचवटीकर
मनःपूर्वक आभार. लॉकमधून नाव खाली उतरताना आई आतच बसून राहिली तर चालेल का?

गंगापूर रोड
त्यापेक्षा त्यांना लॉकच्या अलीकडच्या धक्क्यावर उतरवावे आणि पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा घ्यावे. हौदाच्या काठावरून चढ-उतार करू देऊ नये. लॉकमध्ये वर चढताना पाण्याच्या लोंढ्याने नाव पुढे-मागे ओढली जाऊन दारावर आदळते, तेव्हा गॅसवर चहा ठेवलेला नसावा.